ज्या दिवशी मी टक केलं नाही

मित्रांनो, मी एक जुना रिले आहे. रिले म्हणजे काय हे तुम्हांला ठाऊक नसेल तर लाजू नका. ज्यांच्या घरात माझी भावंडं वर्षानुवर्षं राबतात, त्यांनाही ते ठाऊक नसतं. माझ्या पोटात तांब्याच्या बारीक तारेचं एक वेटोळं आहे. त्याला कॉइल म्हणतात. कॉइलला बोटालाही चावणार नाही इतकी थोडी वीज दिली की तिचं लोहचुंबक होतं. मग ती एक लोखंडी पट्टी ओढून घेते, चांदीची दोन टोकं एकमेकांना भिडतात आणि भिंतीतली दांडगी वीज पुढे निघते. कॉइलची वीज काढून घेतली की स्प्रिंग पट्टीला मागे खेचते आणि सगळं बंद होतं. दोन्ही वेळा माझा एकच शब्द, टक.

अशा आत्मवृत्तांत वस्तू फार रडतात, असं मी ऐकून आहे. मला टाकून दिलं, माझ्यावर धूळ बसली, माझी कदर केली नाही. धूळ माझ्यावरही बसली, पण मी रडणार नाही. मला तुम्हांला वेगळंच सांगायचं आहे. माझ्यावर एक आरोप आहे. ऐन लग्नघरी, सगळं गाव जमलेलं असताना, हा रिले अडून बसला म्हणे. आरोप खरा आहे. मी अडलो, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा अडेन.

माझा जन्म कारखान्यातला, पण माझं बालपण गेलं अंधेरीला, अंबादासच्या दुकानात. गीझर, इस्त्री, स्टॅबिलायझर दुरुस्त करण्याचं ते दुकान इतकं चिंचोळं होतं की अंबादास आत शिरला की गिऱ्हाइकाने बाहेरच उभं राहायचं. जुहूच्या कुठल्याशा हॉटेलच्या कपडे धुण्याच्या खोलीसाठी त्याने मला मागवलं होतं. मला आणि माझ्या जुळ्या भावाला, एकाच खोक्यात. ते काम काही झालं नाही. आम्ही दोघं खणात पडलो ते पडलोच.

आमच्यानंतर निळे रिले आले. काडेपेटीपेक्षा लहान, हलके, दिसायला झकास. गिऱ्हाइकं त्यांच्यावर भाळायची आणि आमच्याकडे बघून म्हणायची, "हे काय, लोखंडाचा धोंडा?" अंबादास खण बंद करायचा. मला राग यायचा, कबूल करतो. माझ्या अंगावर तीस अँपिअर असं कोरलेलं आहे आणि ते काही शोभेसाठी नाही.

मग एके दिवशी तो खण एका मुलीने उघडला.

तिचं नाव जोॲन. गोराईची. रोज फेरीबोटीने खाडी ओलांडून, पुढे बस पकडून ती अंबादासकडे कामाला यायची. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचं शिकलेली, हात चलाख, आणि तोंड त्याहून चलाख. त्या दिवशी तिने मला तळहातावर घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्याकडेच बघत म्हणाली, "अंबादास भाऊ, माझ्यामुळे मम्माचा हात भाजला."

काय घडलं होतं ते सांगतो. आईला पहाटे उठून पाणी तापवायला लागू नये म्हणून जोॲनने स्वतः एक पेटी बनवली होती. पाण्यात बुडवायचा रॉड त्या पेटीला जोडायचा, वेळ लावायची, आणि वेळ झाली की रॉड आपोआप बंद. आत बसवला होता एक निळा रिले. त्याच्यावर दहा अँपिअर लिहिलेलं, रॉड ओढत होता नऊ. आकड्यात बसलं म्हणून जोॲन खूश. तीन महिने सगळं सुरळीत चाललं. पण नऊ अँपिअरचं ओझं रोज वाहून त्या बिचाऱ्याची चांदीची टोकं तापत गेली, आणि एका सकाळी ती वितळून एकमेकांना चिकटली. वेळ संपली, पेटीवरचा दिवा विझला, कॉइलने सोडलं, स्प्रिंगने जीव तोडून ओढलं, पण टोकं सुटेनात. दिवा म्हणत होता बंद आणि रॉड मात्र चालूच. पाणी आटलं, प्लास्टिकची बादली वितळली, पायपुसण्याने पेट घेतला. जोॲनची आई क्लॅरिस ते विझवायला धावली आणि तिचा डावा हात मनगटापर्यंत भाजला.

गावाने दोष दिला रिलेला. मी त्या निळ्या पोराची बाजू घेतो. लग्नाचा हंडा पाच वर्षांच्या पोराच्या डोक्यावर द्यायचा आणि तो पडला की पोराला बदडायचं, हा कुठला न्याय?

अंबादासने तिला धीर वगैरे दिला नाही. तो म्हणाला, "चालू करणारं सर्किट कोणीपण बनवतो गं. बंद होणारं बनवून दाखव."

जोॲनने बनवलं. चार महिने लागले.

मला आणि माझ्या जुळ्याला तिने आधी टेबलावर बसवून तपासलं. हीटर जोडून दोन हजार वेळा टक टक करायला लावलं आणि मधूनमधून आमची अंगं गरम होतात का ते हाताच्या पाठीने बघितलं. आम्ही थंड होतो. तीस वाहू शकणाऱ्याकडून नऊच वाहून घ्यायचे, हा तिचा पहिला नियम झाला. मग तिने मला फेजच्या, म्हणजे वीज घेऊन येणाऱ्या तारेवर बसवलं आणि भावाला न्यूट्रलच्या, म्हणजे ती परत नेणाऱ्या तारेवर. एकाची टोकं चिकटली तरी दुसरा तोडणारच. पाणी रॉडच्या खुणेखाली उतरलं की आम्हांला सोडायला लावणारा, पाण्यावर तरंगणारा एक फ्लोट तिने लावला. एक फ्यूज लावला, जो जास्त तापला की कोणालाही न विचारता जळून जातो आणि सगळं बंद पाडतो. कॉइलची नाजूक वीज एका बाजूला, भिंतीतली दांडगी वीज दुसऱ्या बाजूला, आणि दोघींमध्ये बोटभर रुंद रिकामी जागा ठेवली. अंबादास म्हणाला, जागा फुकट जातेय. जोॲन म्हणाली, जाऊ दे.

आणि सर्वांत शेवटी तिने पेटीत एक पहारेकरी बसवला. तो फेजपासून अर्थपर्यंत मुंगीच्या पावलाएवढी वीज सोडून बघतो. अर्थ म्हणजे ती तिसरी तार, जी जमिनीत जाते आणि गळकी वीज माणसाच्या अंगातून न जाता आपल्या अंगावर घेते. ती मुंगी पलीकडे पोचली तरच आमच्या कॉइलला वीज मिळते. अर्थ नसेल तर ती पोचत नाही. फेज आणि न्यूट्रल उलटसुलट असतील तरीही पोचत नाही. मग पेटीवर तांबडा दिवा लागतो आणि आम्ही दोघं भाऊ स्प्रिंगवर टेकून स्वस्थ बसतो. कोणी कितीही बटण दाबो.

आता लग्नाकडे येतो.

लग्न होतं जोॲनच्या भावाचं, रॉनीचं. गोराईच्या आमच्या कॅथलिक घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी असतं. बायका बँड वाजवत विहिरीवर जातात, सजवलेल्या घड्यांतून पाणी आणतात, आणि त्या पाण्याने नवऱ्या मुलाला मांडवात आंघोळ घालतात. डिसेंबरची संध्याकाळ, खाडीवरून येणारा वारा. म्हणून पंधरा वर्षांपासून ते पाणी तापवलं जात होतं, आणि तापवायचा मान होता ह्युबर्ट अंकलचा.

ह्युबर्ट अंकल म्हणजे जोॲनच्या वडिलांचा थोरला भाऊ. वडील गेल्यावर या दोन भावंडांना त्यानेच वाढवलं. गावातल्या प्रत्येक मांडवाची रोषणाई तोच करायचा, आणि त्याच्याकडे एक जाडजूड रॉड होता, ज्याने गावातले सगळे नवरदेव न्हाऊन निघाले होते. त्या आंघोळीची एक खूणही ठरून गेली होती. पहिला तांब्या अंगावर पडला की नवऱ्या मुलाच्या अंगावर शहारा यायचा, अगदी नखशिखान्त. मग बायका म्हणायच्या, पाणी पावलं. शहारा नाही आला तर लग्न नीट लागत नाही, असंही कोणीतरी म्हणायला लागलं होतं.

या वेळी क्लॅरिसने सगळ्यांसमोर सांगितलं, "रॉनीचं पाणी जोॲनच्या पेटीवर तापेल." तिच्या डाव्या हाताची कातडी अजून गुलाबी आणि ताणलेली होती. त्याच हाताने तिने पेटी मांडवात आणून ठेवली.

अंगणात लाकडी पाटावर तांब्याचं मोठं घंगाळ. विहिरीचं पाणी त्यात ओतलेलं. अंकलचा रॉड त्यात सोडलेला, रॉडची पिन आमच्या पेटीत, आमची पिन अंकलने मांडवासाठी ओढलेल्या बोर्डात. बँड थांबला. जोॲनने बटण दाबलं.

तांबडा दिवा लागला. मी टक केलं नाही.

जोॲनने पुन्हा दाबलं. मी तयार होतो, भाऊ तयार होता, पण कॉइलला वीज आलीच नाही. पहारेकऱ्याने सोडलेली मुंगी अर्ध्या वाटेतून परत आली होती. बाहेर मात्र हसण्याची एक लाट आली. "पहिल्या पेटीने घर पेटवलं, दुसरी पेटतच नाही," कोणीतरी म्हणालं, आणि ते क्लॅरिसला ऐकू गेलं. तिने हात पदराखाली घेतला. त्या क्षणी मला वाटलं, एकदा टक करून टाकावं, त्या पोरीची लाज राखावी. पण मला तसं बनवलेलंच नव्हतं, आणि आज मला त्याचा अभिमान आहे.

"काढ ते खोकं," ह्युबर्ट अंकल म्हणाला. "डायरेक्ट लावतो."

"नको अंकल. तुमच्या लाइनमध्ये काहीतरी गडबड आहे."

"माझ्या लाइनमध्ये?" अंकलचा आवाज चढला. "एवढे सगळे दिवे लागलेत ना या लाइनवर? दिसत नाही तुला?"

"दिव्यांना चालतं. पाण्याला नाही चालत."

"बाय, तू काल शिकलीस. मी पंधरा वर्षं पाणी तापवतोय."

रॉनी हळूच तिच्याजवळ आला. "सोड ना यार. आज नको. अंकलचं तोंड बघ."

जोॲनने पेटी उचलून पोटाशी धरली. अंकलने रॉड सरळ बोर्डात लावला आणि बटण दाबलं. पाणी गुणगुणायला लागलं. बँड पुन्हा सुरू झाला. जोॲन तिथून गेली नाही. घंगाळापासून दोन हातांवर ती उभी राहिली आणि लहान पोरांना, बायकांना, कोणाकोणाला जवळ येऊ देईना. लोक म्हणाले, बघा, रुसली. मी सांगतो, ती रुसली नव्हती, पहारा देत होती.

अर्ध्या तासाने पाण्यावर वाफ दिसली. अंकलने बोर्डाचं बटण बंद केलं आणि जोॲनकडे बघून मोठ्याने म्हणाला, "हे बघ, बंद केलं. आता तरी खूश?" रॉड मात्र घंगाळातच राहिला, दर लग्नात राहायचा तसा. पाणी निवायला नको म्हणून.

रॉनी अनवाणी येऊन समोर बसला. अंगणात सांडलेल्या पाण्याचा चिखल झाला होता. एका मावशीने तांब्या उचलला आणि सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, "येऊ दे शहारा."

हे ऐकताच जोॲन दचकली. तिचा पुढचा प्रश्न मी जन्मात विसरणार नाही.

"शहारा का येतो?" ती म्हणाली. "पाणी तर गरम आहे."

मावशीचा हात घंगाळाकडे वाकत होता. रॉनीने गंमत म्हणून काठावर हात टेकायला पुढे केला. जोॲनने पेटी खाली टाकली (हो, मला आपटलं, पण तो विषय वेगळा) आणि रॉनीच्या दंडाला धरून त्याला असं मागे ओढलं की तो चिखलात बसकण मारून पडला. मावशीच्या हातातला तांब्या तिने हिसकावून घेतला.

"वेडी झालीस काय?" अंकल ओरडला.

जोॲनने केसांत खोचलेला टेस्टर काढला. पायांत रबरी सपाता होत्या, त्या एकदा बघून घेतल्या. मग तिने टेस्टरचं टोक घंगाळाच्या तांब्याच्या काठाला लावलं.

टेस्टरमधला दिवा लागला.

"अंकल," ती हळू म्हणाली, "बटण बंद आहे ना?"

बँडवाल्याने कर्णा तोंडापासून खाली घेतला. अंकल पुढे आला. त्याने तिच्या हातातून टेस्टर घेतला आणि स्वतः लावून बघितला. दिवा लागला. त्याने बोर्डातून रॉडची पिन उपटली आणि टेस्टर पुन्हा लावला. दिवा लागला नाही. पिन घातली, बटण बंदच ठेवलं, आणि दिवा परत लागला. असं त्याने तीनदा केलं. तीस वर्षं तारा ओढणाऱ्या माणसाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच्या मांडवाच्या बोर्डात फेज आणि न्यूट्रल उलट जोडलेले होते, म्हणजे बटण तोडत होतं ते न्यूट्रल, आणि रॉडमध्ये फेज तसाच जिवंत राहत होता. वायर दोन तारांची, अर्थ नावालाही नाही. रॉडच्या डोक्याला पहिल्यापासूनच एक बारीक चीर होती, आणि तिच्यातून थोडी थोडी वीज पाण्यात झिरपत होती. चीर दर वर्षी वाढत होती. त्या वर्षी ती बोटाच्या पेराएवढी झाली होती.

पंधरा वर्षं ज्याला गाव पाणी पावणं म्हणत होतं, तो विजेचा झटका होता. या वर्षी तो नुसता शहारा देऊन थांबला नसता.

ह्युबर्ट अंकल पाटाशेजारी, ओल्या जमिनीवर बसला. किती नवरदेव झाले ते तो बोटांवर आठवायला लागला, मग मध्येच थांबला. "माझ्या हाताने," एवढंच तो म्हणाला.

मित्रांनो, हसणाऱ्यांना उलट हसण्याची ही जोॲनची वेळ होती. मी तिच्या जागी असतो तर हसलो असतो, माझा स्वभावच तसा आहे. ती मात्र त्याच्याजवळ चिखलात बसली.

"अंकल, मम्माचा हात माझ्यामुळे भाजला. मला पण वाटलं होतं, आकड्यात बसतंय."

अंकलने आधी बोर्डातली पिन उपटली, मग खिशातून पक्कड काढून आपल्या त्या मानाच्या रॉडची वायर मधोमध तोडून टाकली.

घंगाळ रिकामं केलं. तापलेलं पाणी कोणालाच नको होतं. एका घड्यात विहिरीचं थोडं पाणी उरलं होतं, बर्फासारखं गार. क्लॅरिसने तो घडा उचलला, तोच भाजलेला हात खाली लावून, आणि चिखलात बसलेल्या आपल्या मुलाच्या डोक्यावर सगळा उपडा केला. रॉनीचे दात वाजले. तो नखशिखान्त शहारला.

"आला," शेजारची इझाबेल आजी म्हणाली. नव्वदीची बाई, सगळा वेळ खुर्चीत बसून बघत होती. "आमच्या वेळी असाच यायचा. पाणी तापवायचं कोणाच्या डोक्यात आलं, काय माहीत."

आधी रॉनी हसला, मग अंगण हसलं. ह्युबर्ट अंकल सगळ्यांत शेवटी.

ही माझ्या पराक्रमाची गोष्ट. बघा, तिच्यात मी काहीच केलं नाही. टेस्टर जोॲनचा, डोकं जोॲनचं, हिंमत जोॲनची. मी फक्त हो म्हटलं नाही. दोनदा बटण दाबलं, गाव हसलं, एका आईने हात लपवला, तरी म्हटलं नाही.

आता मी ह्युबर्ट अंकलच्या मांडवाच्या पेटाऱ्यात राहतो. त्याने सगळ्या वायरी बदलून तीन तारांच्या केल्या, बोर्ड नव्याने जोडला आणि नवा रॉड घेतला. ज्या घरी म्हातारी माणसं गार पाणी नको म्हणतात, तिथे मी आणि माझा भाऊ पाणी तापवतो. पण त्याआधी दर वेळी अंकल एक खेळ करतो. मांडवातल्या पोरांना गोळा करतो, अर्थची तार मुद्दाम सोडवतो आणि एखाद्या पोराला म्हणतो, दाब बटण. तांबडा दिवा लागतो. पोरं म्हणतात, बिघडला. अंकल म्हणतो, "बिघडला नाही. तो नाही म्हणतोय. का म्हणतोय ते शोधा आधी."

कोणी माझी धूळ पुसावी, मला हार घालावा, असलं मला काही नको. तुमच्या घरी गीझर असेल, रॉड असेल, इस्त्री असेल. त्यांच्या आत माझं कोणी भावंड अडून बसलं, फ्यूज उडाला, दिवा तांबडा झाला, तर त्याला वळसा घालून तार सरळ जोडू नका. सॉकेटच्या भोकात काडी खुपसून त्याला फसवू नका. मोठ्या माणसांना बोलवा आणि त्यांनाही हीच गोष्ट सांगा. ते रागावले तर जोॲनसारखं तिथेच उभं राहा.

परवा एका लग्नात नवऱ्या मुलाचा मामा घाईला आला होता. तांबडा दिवा बघून म्हणाला, "अहो, हे खोकं काढा, डायरेक्ट लावा." ह्युबर्ट अंकलने त्याच्याकडे बघितलं, मग आमच्या पेटीकडे. मग तो खुर्ची ओढून पेटीसमोर बसला आणि म्हणाला, "आधी मला उठवा."